कुंडींतील मोगऱ्याचें दुखणें

कुंडींतील मोगरा पिवळा पडूं लागला कीं आपण त्यास अधिक पाणी घालतों, आणि पुष्कळदां तेंच त्याच्या नाशास कारण होतें. मुळांसही हवा लागते. तळाचें छिद्र बुजून पाणी सांचलें कीं तीं कुजतात, आणि ओल्या मातींतही झाड तहानलेलें राहतें. अशा वेळीं रोप अलगद काढून काळीं, मऊ पडलेलीं मुळें कापावीं; मुळें घटलीं म्हणून फांद्याही थोड्या छाटाव्या. छिद्रावर खापरी ठेवून, माती व वाळूच्या मिश्रणांत रोप पुन्हां लावावें. नवी पालवी फुटेपर्यंत तें विरळ सावलींत ठेवून, वरची बोटभर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावें. आजाऱ्यास पक्वान्न मानवत नाहीं. तेव्हां खतही या काळांत देऊं नये. पुढें मात्र भरपूर ऊन मिळूं द्यावें, कारण मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवरच येतात.