घामाचा हिशेब – ९ : खुराक वजा होतो का?

आज बॉक्सर जो लुईच्या करथकबाकीची गोष्ट सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण आंबेनळीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याने मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही. त्यांचा भाचा घाटावर तालमीत असतो. या सदरात आधी आलेला बॉक्सरच्या रकमेतला मॅनेजरचा वाटा वाचून ते लिहितात, "आमच्या पोराला ना मॅनेजर, ना करार. जत्रेतलं इनाम येतं आणि दूध-बदाम-तुपात जातं. रिटर्न भरताना हा खुराक वजा होतो का?"

आमच्या पोलादपूर-महाडकडे वेड कबड्डीचं. कुस्ती बघायची तर आंबेनळी चढून वर जायचं. जत्रेच्या मैदानात आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या जोडी. हलगी कडाडते, चितपट होते, पंच पैसे हातात ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, पोराने पाच मिनिटांत कमावले. त्या पाच मिनिटांमागे वर्षभर रोज दोन वेळची मेहनत असते आणि त्या मेहनतीला पुरेल एवढं खाणं असतं. पैलवानाच्या घरी सगळ्यात मोठा खर्च खुराकाचाच. त्यासाठी म्हैस विकलेली घरं मी पाहिली आहेत.

आता कायदा. व्यवसायाच्या उत्पन्नातून खर्च वजा होतो, पण तो पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी केलेला हवा; खासगी खर्च चालत नाही. तालमीची फी, मैदानापर्यंतचा प्रवास, कुस्तीचे बूट हे सहज बसतं. अडतं ते ताटापाशी. जेवण तर प्रत्येकालाच लागतं!

इथे मला नेहमी एक खटला आठवतो. ज्येष्ठ वकील आणि माजी कायदामंत्री शांती भूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिलीच्या उत्पन्नातून वजा मागितला होता. हृदय हे माझ्या व्यवसायाचं यंत्र, ते दुरुस्त केलं, असा त्यांचा मुद्दा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. हृदय प्रत्येक माणसाला जगायला लागतं, त्याला वकिलीचं यंत्र म्हणता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ब्रिटनमध्येही २००१ मध्ये एका व्यावसायिक रग्बी खेळाडूला पूरक आहाराचा खर्च वजा करू दिला नाही.

म्हणून मामांना सरळ उत्तर : खुराक वजा होईल, हे धरून चालू नका.

मला मात्र हे पटत नाही. रिक्षावाल्याचं पेट्रोल वजा होतं, सुताराचा रंधा वजा होतो. पैलवानाचं हत्यार म्हणजे त्याचं अंग. घरच्या भाकरीचे पैसे कुणी मागू नयेत. पण सामान्य माणसाच्या ताटापलीकडचं जे केवळ आखाड्यासाठी पोटात जातं, ते त्याचं पेट्रोलच आहे.

दुसरी वाट इनामालाच कर लागत नाही असं म्हणण्याची, १९८६ च्या जानेवारीतल्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ४४७ क्रमांकाच्या परिपत्रकाची. त्यात व्यावसायिक खेळाडूचा पुरस्कार करपात्र आणि हौशी खेळाडूचा पुरस्कार म्हणजे भेट, असा भेद केला आहे. पण ठरवून जोडी लावून महिन्यात चार मैदानं मारणारा पैलवान हौशी कसा म्हणायचा? शिवाय पुढे परक्याकडून आलेल्या मोठ्या भेटींवरही कर आला. तो गुंता सवडीने सोडवू.

हौशी म्हटलं की आंबेनळी ओलांडून सातारा, तिथून कऱ्हाड आणि शेजारचं गोळेश्वर डोळ्यांपुढे येतं. तिथल्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला पाठवताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले आणि कुस्त्यांची मैदानं भरवून त्यांनी ते पैसे फेडले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यातून पैसा आला नव्हता. पैसा पुन्हा मातीतच उतरून मिळवावा लागला. हौशी म्हणवणाऱ्यालाही खर्च व्यावसायिकाएवढाच येतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मामा, भाच्याला आज बहुधा कर लागणार नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीने शून्य होतो. तरी एक वही घ्या. मोठे आयोजक मानधनातून कर आधीच कापतात, त्याची नोंद सरकारदरबारी राहते. जत्रेच्या रोख इनामाची नोंद आपणच ठेवायची. डाव्या पानावर गाव, तारीख, इनाम. उजव्या पानावर फी, प्रवास, बूट. आणि वजा होवो न होवो, खुराकही रोज लिहा, दुधाच्या लिटरासकट. उद्या कुणी पैलवानांची बाजू मांडायला उभा राहिला, तर त्याच्या हातात अशा शंभर वह्या असायला हव्यात.