संगीत-चित्रफीत : अल्पखर्ची प्रकाशयोजना
पूर्वध्वनिमुद्रित गीतावर आधारलेल्या लघुचित्रपटासाठी मोजक्या दिव्यांनी केलेली प्रकाशयोजना. चित्रीकरणाच्या वेळी गीत ध्वनिवर्धकावरून वाजवितात व गायक त्यानुसार ओष्ठचलन करतो. त्यामुळे ध्वनिरोधक स्टुडिओ आवश्यक नसतो. खर्चाचा एक प्रमुख प्रश्न उरतो तो प्रकाशाचा.

लहान प्रकाशस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाल्यास प्रदीपन एक-चतुर्थांश होते. म्हणून दिवा चित्रचौकटीबाहेर, परंतु गायकाच्या शक्य तितका जवळ ठेवल्यास कमी शक्तीचा दिवाही पुरतो. दूरची पार्श्वभूमी आपोआप अंधारात जाऊन नेपथ्याचा खर्चही वाचतो. झोत पांढऱ्या कापडावरून किंवा थर्मोकोलच्या तक्त्यावरून परावर्तित केल्यास छाया मृदू होतात. सुब्रत मित्र यांनी अपराजितो (१९५६) या चित्रपटात वाराणसीतील घराच्या अंगणातील उजेडाचा आभास स्टुडिओत अशाच रीतीने निर्माण केला. मात्र परावर्तनात बराच प्रकाश वाया जातो.

या पद्धतीची मर्यादाही वरील नियमातूनच उद्‌भवते. दिवा जवळ असल्याने गायक थोडा सरकला, तरी चेहऱ्यावरील प्रकाश लक्षणीय बदलतो. त्यामुळे हालचाली किंवा समूहनृत्य असल्यास दिवसाचा उजेड अधिक सोयीचा. कारण सूर्य अतिदूर असल्याने काही पावलांनी फरक पडत नाही. बॉब डिलन यांच्या ‘सबटरेनिअन होमसिक ब्लूज’ या गीताचे चित्रण डी. ए. पेनबेकर यांनी १९६५ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागील गल्लीत दिवसाउजेडी, एकाच अखंड दृश्यात केले. तेथे गीतातील शब्दांचे फलक दाखविल्याने ओष्ठचलनाचीही गरज उरली नाही.