हात नको, बॅटरी लावा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनी आलेली वाघनखं १९ जुलै २०२४पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली आणि बघायला रीघ लागली. अर्थात काचेबाहेरूनच. ती काच उगाच नसते: बोटांच्या घामातलं मीठ धातूवर ओल धरून ठेवतं आणि लोखंड-पोलाद गंजू लागतं.

मग पुरातत्त्व जवळून कुठे कळावं? माझं उत्तर वाई तालुक्यातलं किकली. तिथल्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, रांगच उभी आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला पडलेला वीर. शेजारी गाई असतील तर गोधन राखताना मेलेला. त्यावर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंग पूजणारा तोच माणूस. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे ढाल, घोडा, केसांची ठेवण यांवरच भिस्त.

दगड आपला काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तोही ऊनपावसात झिजतो. ऊन थेट समोरून पडत असताना गेलात तर निराशाच होईल, कारण समोरचा प्रकाश सावल्या पुसून टाकतो. बॅटरी दगडाच्या कडेला धरून तिरपी मारा. पुसट उठावालाही सावली पडते आणि हरवलेली तलवार दिसू लागते.

लेख असेल तर अभ्यासक ठसा घेतात. स्वच्छ दगडावर ओला कागद बसवून ब्रशने ठोकायचा, म्हणजे तो खाचांत उतरतो. मग वरून शाईचा बोळा हलकेच टिपायचा. खाचा कोऱ्या राहतात आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. शाई कागदाच्या बाहेरच्या अंगाला लागते, म्हणून अक्षरं उलटी येत नाहीत. सांगली जिल्ह्यात जतकडे गेलात तर हा मजकूर जुन्या कन्नडमधला निघू शकतो. आजची राज्याची हद्द त्या दगडांना ठाऊक नव्हती.

खऱ्या शिलालेखावर मात्र परवानगीशिवाय, शिकल्याशिवाय हा प्रयोग नको. शाळांनी प्लास्टरच्या लादीत चार अक्षरं कोरून तो जरूर करावा. आणि गावातल्या वीरगळाला ऑइलपेंट फासू नका, त्याने खाचा बुजतात. जीर्णोद्धारात दगड हलवायची वेळ आलीच, तर आधी जागेवरचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.