खिशातील गानसंग्रह

गाणे ऐकण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. परंतु आपल्याला हवे ते गाणे, हवे तेव्हा, आपल्याबरोबर घेऊन जाण्याची सोय मात्र अगदी अलीकडची आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा सबंध राग तीनएक मिनिटांत आटोपावा लागे. कारण तबकडीच तेवढी होती. पुढे लाँगप्ले तबकडी आली, कॅसेट आली, सीडी आली. पेटी एकंदरीने लहान होत गेली आणि तीत मावणारे गाणे मोठे होत गेले. या क्रमातील एक टप्पा म्हणजे हार्ड डिस्क असलेला, खिशात मावणारा डिजिटल प्लेअर. तो कसा निवडावा, आणि आजच्या काळी तो घ्यावा की नाही, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

आपण म्हणाल, आता याची चर्चा कशाला? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि महिन्याचे वर्गणीचे पैसे भरले की लाखो गाणी ऐकायला मिळतात. हे खरे आहे. शिवाय हे प्लेअर आता इतिहासजमा झाले आहेत, हेही खरे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला. हार्ड डिस्क असलेला त्याचा अखेरचा प्रकार, आयपॉड क्लासिक, सप्टेंबर २०१४ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला. आणि मे २०२२ मध्ये आयपॉड हे नावच संपुष्टात आले. आज हे यंत्र मिळते ते जुन्या बाजारात. तरीही ते शोधणारी माणसे आहेत, आणि ती केवळ जुन्याची हौस म्हणून शोधतात असे मला वाटत नाही.

याचे कारण असे की, वर्गणीने मिळणारे गाणे हे भाड्याच्या घरासारखे असते. भाडे थकले, किंवा घरमालकाचा आणि मूळ हक्कदाराचा करार संपला, की आपला मुक्काम हलला. शिवाय काही गाणी अशी असतात की ती कोणत्याही कंपनीच्या यादीत नसतात. एखाद्या गणेशोत्सवात कोणी हौसेने मुद्रित केलेली मैफल, वडिलांनी म्हटलेले अथर्वशीर्ष, लग्नघरातील उखाणे, ही जगात एकाच ठिकाणी असतात आणि ते ठिकाण म्हणजे आपले घर. आमच्या घरी आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. ती संगणकावर उतरवून घेतली तेव्हा तिचे आकारमान जेमतेम साठ मेगाबाइट भरले. एका सबंध आयुष्याचा आवाज तेवढ्याशा जागेत मावला, आणि तेवढ्याशा जागेतून तो नाहीसाही होऊ शकला असता. म्हणून मला आरंभीच सांगावेसे वाटते की, निवड प्लेअरची करावयाची नसून संग्रहाची करावयाची असते. प्लेअर हे केवळ भांडे आहे. भांडे निवडताना आत काय ठेवायचे आहे, ते आधी ठरवावे.

आता या भांड्याची घडण पाहू. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली, वेगाने फिरणारी चकती. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने अशी पहिली व्यापारी यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, तिचे वजन टनाच्या वर होते, आणि तिच्यात सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. आजच्या हिशेबाने त्या अजस्र यंत्रात तीन मिनिटांचे एखादे गाणे कसेबसे बसले असते. पंचेचाळीस वर्षांनंतर पहिल्या आयपॉडमध्ये १.८ इंची चकतीवर ५ गिगाबाइट मावले, आणि सबंध यंत्राचे वजन १८५ ग्रॅम भरले. या स्थित्यंतराला अनेक शोध कारणीभूत झाले; पैकी चकतीवरील अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणाऱ्या शीर्षामागील तत्त्वाच्या शोधाबद्दल आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निवडीचा पहिला प्रश्न सामान्यतः असा विचारला जातो: "किती गाणी मावतात?" पहिल्या आयपॉडची जाहिरातच खिशात एक हजार गाणी अशी होती. हा हिशेब खोटा नव्हता. पण तो चार मिनिटांच्या गाण्याचा होता. सेकंदाला १६० किलोबिट या प्रमाणात चार मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ मेगाबाइट जागा घेते; म्हणून ५ गिगाबाइटमध्ये अशी हजार गाणी. मात्र आपल्या आवडीचा विलंबित ख्याल पन्नास मिनिटांचा असेल, तर तो एकटाच ६० मेगाबाइट खातो, आणि त्या हजारांचे ऐंशीच उरतात. भावगीते ऐकणारा आणि ख्याल ऐकणारा यांचे एकच यंत्र असले, तरी त्यांचा हिशेब एक नसतो. म्हणून गाण्यांची संख्या विचारू नये, तास विचारावेत. १६० किलोबिटच्या प्रमाणात एक तास म्हणजे ७२ मेगाबाइट. सीडीवरील ध्वनी काहीही न गाळता दाबून ठेवला, तर तासाला साधारण ३०० मेगाबाइट लागतात. या दुसऱ्या पद्धतीने १६० गिगाबाइटच्या चकतीवर सुमारे पाचशे तासांचे संगीत राहते. येथे आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. कारखानदार गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो, तर काही संगणक त्याहून मोठे माप वापरतात. त्यामुळे १६० चे यंत्र जोडल्यावर पडद्यावर १४९ दिसले, तर कोणी फसवले असे समजू नये.

दुसरा प्रश्न विजेरीचा. चकती सतत फिरत राहिली तर विजेरी लौकर संपेल. म्हणून हे यंत्र एक युक्ती करते. चकती क्षणभर फिरवून पुढील संगीताचा मोठा घास ते आपल्या तात्पुरत्या स्मरणात भरून घेते आणि चकती थांबवते. पहिल्या आयपॉडचे हे स्मरण ३२ मेगाबाइटचे होते. १६० किलोबिटच्या प्रमाणात वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत त्यात बसे. पण तेच संगीत काहीही न गाळता ठेवलेल्या स्वरूपात असेल, तर सहा मिनिटेही बसणार नाहीत. चकतीला वारंवार उठावे लागेल आणि विजेरी त्या मानाने लौकर उतरेल. जाहिरातीतील तासांचा आकडा लहान घडीच्या गाण्यांवर काढलेला असतो, हे विसरू नये. घरी शांतपणे ऐकण्यासाठी संपूर्ण ध्वनीची प्रत ठेवावी, आणि प्रवासासाठी थोडी दाबलेली प्रत बरोबर घ्यावी, हा मधला मार्ग पुष्कळांना सोयीचा पडेल. आगगाडीच्या खडखडाटात त्या दोहोंतील फरक सहसा कानी पडत नाही.

तिसरा प्रश्न आपण राहतो कोठे, हा आहे. आणि आपल्या देशात तो विशेष महत्त्वाचा आहे. चकती फिरत असताना वाचणारे शीर्ष तिला टेकत नाही. ते हवेच्या पातळ गादीवर, केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावर, तरंगत असते. फिरती चकती हादरली की शीर्ष तिच्यावर आपटण्याचा धोका असतो; म्हणून हातात घेऊन धावणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये. हवा विरळ झाली की ती गादीच दुबळी होते. म्हणूनच आयपॉडच्या तपशिलात वापराची मर्यादा ३,००० मीटर उंचीपर्यंत दिलेली असे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. लडाखमध्ये नोकरीवर असलेल्या आपल्या मराठी जवानाने चकतीचा प्लेअर तेथे वापरणे म्हणजे ती मर्यादा ओलांडणे होय. उष्णतेचेही तसेच. त्याच तपशिलात वापराचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असे सांगितले होते. नागपुरास मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. तेथे बंद मोटारीत हे यंत्र ठेवून जाणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवण्यासारखेच आहे.

चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि पश्चात्ताप बहुधा त्याच बाबतीत होतो. तो प्रश्न असा: यंत्रात गाणी घालायची कशी, आणि मुख्य म्हणजे, परत काढायची कशी? काही प्लेअर संगणकाला जोडले की साध्या कपाटासारखे उघडतात. आयरिव्हर आणि आर्कोस यांचे जुने प्लेअर या जातीचे होते. आयपॉडला मात्र विशिष्ट सॉफ्टवेअर लागे, आणि ते गाण्यांना सांकेतिक नावे देऊन दडवून ठेवी. २००४ साली आलेला सोनीचा पहिला हार्ड डिस्क वॉकमन तर आरंभी एमपीथ्री थेट वाजवीतच नसे. आधी गाणे त्या कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात बदलावे लागे. ज्या कपाटात वस्तू ठेवता येते पण काढता येत नाही, त्या कपाटाला काय म्हणावे? रॉकबॉक्स नावाची एक विनामूल्य प्रणाली स्वयंसेवकांनी तयार केली आहे. ती अनेक जुन्या प्लेअरांवर चालते आणि पुष्कळ प्रकारची ध्वनिस्वरूपे वाजविते. आपण पाहत असलेल्या यंत्रावर ती चालते की नाही, एवढे विचारून घ्यावे.

अभिजात संगीताच्या श्रोत्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सीडीवर आलाप आणि बंदिश पुष्कळदा दोन भागांत तोडलेली असतात. काही प्लेअर एक भाग संपल्यावर किंचित थांबून दुसरा सुरू करतात, आणि समेच्या तोंडाशी तो खंड जिवाला लागतो. आयपॉडला अखंड वादनाची सोय २००६ मध्ये मिळाली; त्यापूर्वीचे यंत्र घेताना याची परीक्षा स्वतःच्या कानांनी करावी. दुसरी गोष्ट नावांची. या यंत्रातील रकाने कलावंत, आल्बम आणि गीताचे नाव अशा पाश्चात्त्य पद्धतीचे असतात. राग आणि ताल यांना तेथे घर नाही. गीताच्या नावातच राग, बंदिशीचे आरंभीचे शब्द आणि ताल ठराविक क्रमाने लिहिण्याचा नियम घालून घ्यावा. आम्हा कचेरीतील माणसांना हे मुद्दाम सांगावे लागत नाही. ज्या कागदावर विषय आणि दिनांक नाही, तो दप्तरात असून नसल्यासारखाच. पडद्यावर देवनागरी अक्षरे जोडाक्षरांसह नीट उमटतात का, हेही पाहावे. न उमटल्यास नावे रोमन लिपीत लिहिण्याखेरीज इलाज नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. जुना प्लेअर हातात आला की तो कानाशी धरावा. चकतीचा मंद घरघराट स्वाभाविक आहे. पण टकटक असा नियमित आवाज येत असेल, तर ते यंत्र दुकानदाराला नमस्कार करून परत द्यावे. आयपॉड क्लासिकसारख्या काही यंत्रांत चकतीच्या प्रकृतीचा अहवाल पाहण्याची गुप्त सोय असते. त्यात खराब झाल्यामुळे बाजूला काढलेल्या जागांची संख्या मोठी दिसली, तर चकतीचे दिवस भरत आले असे समजावे. विजेरी जुनी असणारच. ती बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. जोडणीची तार कोणती लागते तेही पाहावे. अगदी आरंभीच्या आयपॉडांना फायरवायर नावाची जोडणी लागे. ती आजच्या सामान्य संगणकाला नसते. चकती निकामी झालेला आयपॉडही सर्वस्वी टाकाऊ नसतो. चकतीच्या जागी जोडपट्टी बसवून तिच्यावर मेमरी कार्ड लावणारे कारागीर आहेत. त्या कार्डात फिरणारे काही नसल्याने हादरा आणि उंची यांची भीती जाते, वजन घटते, आणि विजेरीही अधिक पुरते. माझे मत विचाराल तर आज ज्याला प्रवासात गाणे बरोबर हवे आहे, त्याने असा कार्ड बसविलेला प्लेअर किंवा मुळातच कार्डावर चालणारा नवा प्लेअर घ्यावा. चकतीचा प्लेअर घ्यायचाच, तर तो घरात बसून ऐकण्यासाठी घ्यावा.

मात्र श्रोतेहो, यांपैकी काहीही घेतले तरी एक नियम सुटत नाही. चकती केव्हातरी थांबते. कार्डही अमर नाही. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवून दिलेल्या कार्डावर विसंबू नये. म्हणून जी गाणी पुन्हा मिळणार नाहीत, ती एका ठिकाणी कधीही ठेवू नयेत. एक प्रत संगणकावर, दुसरी स्वतंत्र हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी, भावाबहिणीच्या घरी असावी. प्लेअरमध्ये जे असेल ते केवळ ऐकण्यापुरते असावे, म्हणजे तो हरवला तर पैसे जातील, गाणे जाणार नाही. आजीच्या त्या ओव्या आज तीन गावांत आहेत, आणि वर्षातून एकदा त्या तिन्ही ठिकाणी वाजवून पाहिल्या जातात. पूर्वीच्या पिढ्यांनी ओवी मुखातून मुखात सांभाळली. आपण ती यंत्रातून यंत्रात उतरवतो. साधन बदलले, पण पुढच्याच्या हाती सुखरूप देण्याचे काम तेच आहे.