घरचा सर्व्हर – भाग ६ : सगळ्या सेवांना एकच दार

गेल्या भागाअखेर आपल्या छोट्या यंत्रावर चार सेवा चालू झाल्या: फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन आणि दिवे-मोटारींसाठी होम असिस्टंट. पण प्रत्येकीचा पत्ता आकड्यांचा आहे. यंत्राचा आयपी पत्ता लिहायचा आणि पुढे फोटोंसाठी २२८३, चित्रपटांसाठी ८०९६, दिव्यांसाठी ८१२३ असा पोर्ट. शिवाय ब्राउझर दरवेळी ‘असुरक्षित’ म्हणून इशारा देतो. वसमतच्या एखाद्या घराने हळदीच्या विक्रीच्या पट्ट्या, सातबारे आणि लेकीच्या लग्नाचे फोटो या यंत्रावर आणून ठेवले, पण ते उघडणे घरातल्या एकालाच जमत असेल, तर तो ठेवा अजून घराचा झालेला नाही. आईला तिच्या फोनवर एक सोपे नाव टाकून फोटो दिसले पाहिजेत. आजचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

यावरचा उपाय म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. जुन्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस आल्यागेल्याला ‘कोणाकडे आलात?’ असे विचारून आत पाठवायचा, तसे याचे काम. बाहेरच्याशी बोलतो तो प्रॉक्सी. मागच्या सेवा कोणत्या पोर्टवर आहेत हे बाहेरच्याला कळायचे कारण नाही.

हे जमते ते ब्राउझरच्या एका सवयीमुळे. पान मागताना आपण कोणत्या नावाकडे आलो हेही तो सांगतो. एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीने १९९७ मध्ये हे बंधनकारक केले आणि एकाच आयपी पत्त्यावर हवी तितकी नावे नांदू लागली. एचटीटीपीएसमध्ये मात्र एक पेच होता. जोडणी कूटबद्ध होण्याआधीच योग्य सर्टिफिकेट दाखवावे लागते, आणि ते कोणत्या नावाचे, हे तोवर सर्व्हरला माहीतच नसते. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एसएनआय या सोयीने तो सोडवला. ब्राउझर पहिल्याच निरोपात नाव सांगतो.

मोठमोठी संकेतस्थळेही याच रचनेवर उभी आहेत. मराठी विकिपीडियावर हिंगोली जिल्ह्याचा लेख उघडला की पहिले उत्तर देणारे यंत्र मूळ सर्व्हर नसते. आशियातल्या वाचकांसाठी विकिमीडियाने २०१८ मध्ये सिंगापूरला केंद्र सुरू केले. तिथले प्रॉक्सी मागणी घेतात, पान हाताशी असेल तर तिथूनच देतात, नसेल तरच अमेरिकेतल्या मूळ सर्व्हरकडे जातात. आपल्या घरचा प्रॉक्सी त्याच कुळातला.

कोणता घ्यावा? इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स सगळ्यात परिचित. तो अत्यंत भरवशाचा आहे, पण नवख्याला दोन ठिकाणी हमखास अडवतो. मुळात तो एक मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल वर चढवू देत नाही. फोनमधला साधा फोटोही त्याहून मोठा असतो, आणि ४१३ हा आकडा पाहून लोक इमिचलाच दोष देतात. मर्यादा वाढवली की काम होते. दुसरे, होम असिस्टंटसारख्या सेवा वेबसॉकेटची सतत चालू जोडणी ठेवतात. त्यासाठी एन्जिनएक्सला दोन-तीन ओळी वेगळ्या सांगाव्या लागतात. २०१५ मध्ये आलेल्या कॅडीत या दोन्ही कटकटी नाहीत, आणि सर्टिफिकेट तो स्वतः मिळवतो व मुदत संपण्याआधी नवे करून घेतो. प्रत्येक सेवेसाठी त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: हे नाव, आणि मागचा हा पोर्ट. घरासाठी माझे मत निःसंशय कॅडीला.

प्रॉक्सी कोणताही असो, होम असिस्टंट त्याच्यामागे टाकल्यावर ४०० ची चूक दिसू शकते. बिघाड कुठेच नसतो. प्रॉक्सी मूळ पाहुण्याचा पत्ता एका हेडरमध्ये लिहून पुढे पाठवतो, पण असा हेडर कोणीही खोटा लिहू शकतो. म्हणून कोणत्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचा, हे होम असिस्टंटच्या सेटिंगमध्ये तुम्ही आधी नोंदवावे, असा त्याचा आग्रह आहे. आग्रह योग्य आहे.

आता खरी अडचण. बहुतेक मार्गदर्शिका सांगतात, ‘राउटरवर ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडा, झाले.’ कळमनुरीत किंवा सेनगावात केबलवाल्याकडून फायबर घेतलेल्या घरात हे अनेकदा चालतच नाही, कारण त्या घराला स्वतःचा असा जाहीर पत्ता मिळालेला नसतो. आयपीव्ही-४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गटापर्यंत आला. मग कंपन्या शेकडो घरांना एका पत्त्यामागे बसवू लागल्या. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये खास गट राखून ठेवला गेला: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारे पत्ते. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहा. तो या गटातला असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

वाटा तीन-चार आहेत. जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता मागता येतो. गावोगाव हे बदलते, तेव्हा आधी विचारून घ्या. आयपीव्ही-६ असेल तर घराला खरा पत्ता मिळतो, पण पाहणाऱ्याच्या जोडणीतही ते असावे लागते. क्लाउडफ्लेअरची टनेल सेवा सोपी आणि छोट्या वापराला फुकट आहे. मात्र कूटबद्ध मजकूर त्यांच्या यंत्रावर उलगडून पुन्हा पुढे जातो. सातबारा आणि बँकेचे कागद घरी ठेवायचे ते कोणा तिसऱ्याच्या नजरेखालून जाऊ नयेत म्हणून, तर ही वाट मला पटत नाही.

मला पटते ती वाट अशी: जगासाठी काहीच उघडायचे नाही. खासगी जाळे विणणारे वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि त्यावर उभे असलेले टेलस्केल सीजीनॅटमागूनही जोडणी जुळवून देते. पुण्यातला मुलगा, परदेशातली मुलगी आणि आई, या तिघांच्या फोनवर ते एकदा बसवले की घरच्या खासगी जाळ्यात सगळे येतात. प्रॉक्सी त्या जाळ्याच्या आत ठेवायचा. घरचे फोटो पाहणारी दहा माणसे असतील, तर दार साऱ्या जगाकडे उघडण्याचे कारणच काय?

मग सर्टिफिकेट कसे मिळायचे? लेट्स एन्क्रिप्ट डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना फुकट देते. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत बाहेरून ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन खात्री केली जाते, आणि आपल्याकडे तोच बंद आहे. म्हणून डीएनएसची पद्धत वापरायची: डोमेनच्या नोंदीत ठरावीक मजकूर लिहून ते नाव आपले असल्याचे सिद्ध करायचे. कॅडीत तुमच्या डीएनएस कंपनीचे जोडसॉफ्टवेअर घातले की हे आपोआप होते. या पद्धतीत २०१८ पासून एकच सर्टिफिकेट सगळ्या उपनावांना चालते. ते घ्याच, कारण दिलेल्या सर्टिफिकेटांची यादी जाहीर असते आणि प्रत्येक सेवेसाठी वेगळे घेतले तर तुमच्याकडे काय काय चालते हे कोणालाही वाचता येते.

नाव मराठीतही घेता येते. भारत सरकारने ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ सुरू केले. आईला ‘फोटो’ असे देवनागरीत टाकता यावे, याहून चांगले काय! फक्त डीएनएसमध्ये हे नाव रोमन अक्षरांच्या प्युनीकोड रूपात जाते. एन्जिनएक्समध्ये तेच रूप लिहावे लागते.

एक गैरसमज वेळीच दूर करू. प्रॉक्सी म्हणजे कुलूप नव्हे. प्रत्येक सेवेचा पासवर्ड भक्कम हवाच. प्रॉक्सीच्या बाजूने जाणारी वाटही बंद करा. सेवा ज्यात चालतात त्या डॉकरने जाहीर केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम ओलांडून खुला राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून सेवा फक्त १२७.०.०.१ या आतल्या पत्त्याला बांधा. आणि दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर दिसावा म्हणून कोणी पोर्ट उघडून ठेवला असेल, तर तो आजच बंद करा. २०१६ चा मिराई हल्ला कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेल्या अशाच कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या जिवावर झाला होता.

राहिली लाइट. वीज गेली-आली की सेवा आपोआप उठाव्यात यासाठी डॉकरमध्ये पुन्हा सुरू होण्याचा पर्याय लावा. प्रॉक्सी जागा झाला पण मागची सेवा अजून उठली नाही, तर ५०२ दिसतो. दोन मिनिटे थांबा. तुमचे यंत्र रास्पबेरी पाय ४ असेल, तर त्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर इंटरनेट यायला उशीर झाला, तर त्याचे घड्याळ मागेच राहते आणि त्या चुकीच्या वेळेमुळे त्याला बाहेरची धडधाकट सर्टिफिकेटेही अवैध वाटतात. राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत तर यातले बरेच टळते.

सगळे झाल्यावर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा. टेलस्केल चालू असताना नाव टाकल्यावर फोटो दिसले पाहिजेत, आणि कुलपाचे चिन्हही. त्याच यंत्राच्या पत्त्यापुढे २२८३ टाकून पाहा. काहीही उघडता कामा नये. मग टेलस्केल बंद करून नावच पुन्हा टाका. तेही उघडता कामा नये. या तिन्ही गोष्टी जमल्या की आईचा फोन हातात घ्या.

(पुढील भागात : बॅकअप)