इंजिनाचा विजेवरचा पंखा : हुकूम संगणकाचा, वीज रिलेतून

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



बेणे, खत, पाणी सोडून ऊस विकास अधिकाऱ्याने गाडीच्या पंख्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, नाही तर वजनही घटते आणि उताराही, हे आपण नेहमी सांगतो. पण टोळी घेऊन निघालेले पिकअप वाटेत तापून उभे राहिले, की तोडणीचा तो दिवस गेलाच म्हणायचा. त्यात आपले वऱ्हाडचे ऊन. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, आणि मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेपायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावण्याची वेळ जिल्हाधिकाऱ्यांवर आली. माणसाला जे सोसत नाही, ते इंजिनालाही जडच जाते.

पट्ट्यावरचा आणि विजेवरचा

ट्रॅक्टरचा पंखा बहुधा पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. विजेवरच्या पंख्याचे तसे नाही. त्याची स्वतःची मोटार असते आणि इंजिन हळू चालत असतानाही तो पुऱ्या वेगाने फिरू शकतो.

त्याची गरज केव्हा लागते ते पाहा. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज विक्रमात गेला. अशा रस्त्यावर गाडी वेगात असली म्हणजे समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याला फारसे काम उरत नाही. पण शहराच्या गर्दीत अडकलो, किंवा परतवाड्याहून सेमाडोहकडे भरल्या गाडीने घाट चढू लागलो, की वारा थांबतो आणि सारी भिस्त पंख्यावर येते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. या गाड्यांचे इंजिन संगणकाच्या ताब्यात आहे. फिटर मंडळी त्याला ई.सी.एम. म्हणतात. ज्या गाडीला विजेवरचा पंखा आहे, तिथे तो केव्हा फिरवायचा हेही बहुतेक हाच संगणक ठरवतो.

हुकूम कसा सुटतो?

इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. पाणी तापले की त्याचा विद्युत विरोध कमी होतो आणि त्यावरून संगणकाला तापमान कळते. साधारणपणे ८२ ते ८८ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडू लागतो व गरम पाणी रेडिएटरकडे जाते. ९५ ते १०० अंशांच्या सुमारास पंखा सुरू होतो आणि पाच-सहा अंश उतरल्यावर बंद होतो. नक्की आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते कंपनीच्या पुस्तकातच पाहावेत.

सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा एकच का नाही? आपल्या टाकीचा फ्लोट आठवा. पाणी खाली गेले की मोटार सुरू, टाकी भरली की बंद. दोन्ही खुणा एकाच जागी ठेवल्या तर मोटार सारखी चालू-बंद होऊन जळेल. इथेही तेच.

रिले म्हणजे पंपाचा स्टार्टर

पंखा १० ते ३० अँपिअर वीज ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. संगणकाच्या तारेला एवढा भार सोसत नाही. पंखा सरळ तिच्यावर जोडला तर संगणकच जळेल, आणि तो पंख्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये आपण हिरवे बटण दाबतो, पण मोटारीची वीज बटणातून जात नाही, आतल्या कॉन्टॅक्टमधून जाते. रिले तेच काम करते. तिला चार पाय असतात व त्यांवर बहुधा आकडे असतात. जोडणी अशी :

१) ३० नंबर : बॅटरीच्या प्लसवरून, फ्यूजमधून.
२) ८७ नंबर : पंख्याच्या प्लसला.
३) ८६ नंबर : चावी फिरवल्यावर येणारी वीज.
४) ८५ नंबर : संगणकाची तार. पंखा हवा असेल तेव्हा संगणक ही तार अर्थ करतो आणि रिले ओढली जाते.

बहुतेक गाड्यांत अशीच पद्धत असते, तरी आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय तारेला हात लावू नये. काही नव्या गाड्यांत पंख्याचा वेग कमी-जास्त करणारे वेगळे मॉड्यूल असते. तिथे साधी रिले बसवून चालत नाही.

जोडताना पाळायच्या गोष्टी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची मायनस तार काढावी. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो आणि बोटे जातात.

२० ते २५ अँपिअरच्या पंख्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. बारीक तारेत व्होल्ट मरतात, पंखा मंद फिरतो आणि तार तापते. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवावा, कारण फ्यूज आधी तारेला वाचवतो, पंख्याला नंतर. फ्यूज वारंवार उडू लागला म्हणून डी.पी.वर जाड तार बांधतात तसा प्रकार इथे करू नये. शेजारीच डिझेलची नळी असते.

पंख्याची अर्थ रंग खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर किंवा सरळ बॅटरीच्या मायनसवर घ्यावी. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये, लग दाबून पक्क्या कराव्यात.

पंखा फिरतो, पण इंजिन तापते

मागच्या उन्हाळ्यात एक सभासद भाऊ गट कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, नवा पंखा बसवला. भन्नाट फिरते. मंग इंजिन काहून तापते?" बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले आणि रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, इथे उलट बाहेर उडाला. पंख्याच्या प्लस-मायनस तारा उलट लागल्या होत्या. अशा मोटारीच्या तारा उलटल्या की ती उलटी फिरते. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने हवा इंजिनाकडे ओढायची, ती तो समोर ढकलत होता आणि येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत होता. दोन तारा बदलल्या आणि काम झाले. कागदाची ही परीक्षा फुकट आहे, पंखा बदलल्यावर प्रत्येकाने करावी.

शेवटची तपासणी

जोडणी झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे आणि संगणकाला जोडायच्या यंत्रावर तापमान पाहत राहावे. पंखा कितीवर सुरू झाला व कितीवर बंद झाला ते लिहून ठेवावे. ए.सी. असल्यास तो लावल्यावर पंखा फिरतो का, हेही पाहावे. सेन्सरची तार निघाली तर बहुतेक संगणक काळजीपोटी पंखा सतत फिरवतात आणि दिवा लावतात. म्हणून पंखा थांबतच नसेल तर आधी सेन्सर तपासावा.

आकडे आपल्याला ठरवता येत असतील तर "७५ वर लावा, गाडी गार राहील" या सल्ल्याला भुलू नये. थर्मोस्टॅट उघडण्याआधी रेडिएटरमध्ये गरम पाणीच जात नाही, मग पंखा कोणाला गार करणार? थर्मोस्टॅट काढून टाकणे तर त्याहून वाईट. इंजिन थंडच आहे असे समजून संगणक डिझेल जास्त सोडत राहतो.

तीन गोष्टी टाळा

पहिली : पंखा बिघडला की बटण लावून "डायरेक्ट" करणे. वेळ निभावून न्यायला गावापर्यंत ठीक, पण कायमचे नको. बटण लावायचे विसरलो तर इंजिन जाते, बंद करायचे विसरलो तर बॅटरी जाते, आणि खरा बिघाड झाकलेलाच राहतो.

दुसरी : ट्रॅक्टरचा पट्ट्यावरचा पंखा काढून विजेवरचा बसवणे. नांगरटीत इंजिनावर पुरा भार असतो आणि समोरून वारा नसतो. तिथे पट्ट्यावरचाच पंखा बरा.

तिसरी : तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे. आत दाबाखाली शंभर अंशांहून जास्त तापलेले पाणी असते, ते तोंडावर येते. इंजिन गार होईपर्यंत थांबावे.

शेवटी, सगळे वायरिंग बरोबर असूनही जाळीत पाचट, धूळ आणि कापसाचे तंतू अडकले असतील तर पंखा काय करणार? पंधरवड्यातून एकदा, इंजिन गार असताना, मागच्या बाजूने पुढे, हलक्या पाण्याने जाळी धुवावी. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या गाडीची ही तपासणी करून घ्यावी, ही आग्रहाची विनंती.