डोंगर विकून आलेला पैसा

गोव्यातल्या लोहखनिजाचा खाणीपासून समुद्रापर्यंतचा प्रवास फार लांबचा नाही. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतल्या डोंगरांतून ते निघतं, ट्रकने नदीकाठच्या जेटीवर येतं, बार्जमध्ये भरलं जातं आणि मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदराकडे उतरतं. बेल्लारी, केओन्झार, बैलाडिला यांपैकी कुठल्याच मोठ्या खाणपट्ट्याला समुद्र इतका जवळ नाही. म्हणूनच लोहाचं प्रमाण कमी असलेलं, देशातल्या पोलाद कारखान्यांनी फारसं न विचारलेलं हे खनिज आधी जपानला आणि नंतर चीनला परवडलं. बीजिंग ऑलिम्पिकच्या आगेमागे चीनमध्ये बांधकामाची लाट उसळली, खनिजाचे भाव पाहता पाहता काही पटींनी चढले, आणि 2010-11 मध्ये गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या घरात पोहोचली. राज्याचं सगळं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. शिवाय टनभर खनिजासाठी दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. ती टाकली गेली डोंगरउतारांवर, ओहोळांच्या तोंडाशी, आणि पावसाळ्यात तिथून खाली वाहत शेतांमध्ये आली.

खनिजसंपत्ती लाभलेल्या प्रदेशांचं भलं का होत नाही, हा प्रश्न नायजेरियापासून झारखंडपर्यंत विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा भ्रष्टाचार या एका शब्दात संपवलं जातं. मला ते अपुरं वाटतं. गोव्याचं उदाहरण बारकाईने पाहिलं तर गोष्ट लाचखोरीच्या बरीच आधी सुरू होते. जमिनीखालचं खनिज कोणाच्या मालकीचं, आणि ते विकून आलेल्या पैशाला काय म्हणायचं, या दोन प्रश्नांपाशी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोर्तुगिजांनी देऊन ठेवलं होतं. 1906 च्या वसाहतींसाठीच्या खाण कायद्याखाली त्यांनी गोव्यात कन्सेशन म्हणजे खाणकामाचे हक्क दिले आणि ते जवळजवळ कायमस्वरूपी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाने मागणी केली, तेव्हा ही कन्सेशन हाती असलेली मोजकी घराणी श्रीमंत झाली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. राजवट बदलली, कन्सेशन तशीच राहिली. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. त्यांच्या सरकारने गावोगावी शाळा उघडल्या, कसेल त्याची जमीन या दिशेने कायदे केले, आणि बहुजन समाजात त्यांच्याबद्दल आजही जिव्हाळा आहे. तो सार्थच आहे. पण शेतजमिनीची मालकी कुळांकडे नेण्याचा विचार करणाऱ्या त्या राजकारणाने डोंगराच्या पोटातल्या मालकीला हात लावला नाही. ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी सुरू केला, ‘नवहिंद टाइम्स’ धेंप्यांनी. महाविद्यालयं, फुटबॉल संघ, देवळांचे जीर्णोद्धार, सगळीकडे खाणीचा पैसा होता. या दातृत्वाला खोटं ठरवण्याचं कारण नाही, तिथे शिकून अनेक पिढ्या पुढे गेल्या. मात्र ज्या समाजाची वर्तमानपत्रं आणि महाविद्यालयं एकाच धंद्याच्या पैशावर उभी असतात, तिथे त्या धंद्याबद्दल प्रश्न विचारायला फार उशीर होतो.

मुक्तीनंतर सव्वीस वर्षांनी, 1987 मध्ये, संसदेने कायदा करून ही कन्सेशन रद्द केली आणि मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ती खाणपट्टे म्हणजे लीज होती, असं जाहीर केलं. खाणमालक न्यायालयात गेले. खाणी चालूच राहिल्या. सरकारला त्यातून मिळणारी रॉयल्टी अनेक वर्षं टनामागे ठरावीक काही रुपये होती. भाव वाढला तरी सरकारचा वाटा तेवढाच राहायचा. किमतीच्या 10 टक्के हा दर ऑगस्ट 2009 मध्ये आला, म्हणजे तेजीची बरीच वर्षं उलटून गेल्यावर.

मग गावं गप्प का राहिली? सगळी राहिली नाहीत, त्याकडे येतो. पण जी राहिली त्यांचं कारण ट्रकमध्ये आहे. खाण कंपन्यांनी वाहतूक स्वतःकडे ठेवली नाही, ती गावकऱ्यांना दिली. ज्याचं शेत मातीखाली गेलं त्याने बँकेतून कर्ज काढून ट्रक घेतला. त्याचा मुलगा चालक झाला, भाऊ गॅरेज चालवू लागला, वहिनीने रस्त्याकडेला खानावळ टाकली. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, त्यामुळे खाण एक आठवडा बंद राहिली तरी घरात धास्ती. दुसरीकडे त्याच वाड्यावरचा कुळागरवाला, ज्याच्या सुपारीच्या झाडांना डोंगरातल्या झऱ्याचं पाणी यायचं, तो झरा आटल्यावर तक्रार घेऊन उभा राहायचा. भांडण कंपनी आणि गाव यांच्यात व्हायला हवं होतं, ते ट्रकवाला आणि शेतकरी यांच्यात, अनेकदा एकाच घराण्यात झालं. गोव्याच्या वर्तमानपत्रांत ‘खाण अवलंबित’ हा शब्द रुळला आहे. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरू दिला नाही, त्याला अवलंबित म्हणून त्याच्याच नावाने खाणी चालू ठेवण्याची मागणी होत राहिली, याचं मला वाईट वाटतं.

पाण्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गोव्याचं लोहखनिज जिथे सापडतं ते सच्छिद्र थर पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळाभर झऱ्यांतून, विहिरींतून सोडत राहतात. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्ड्यात पाणी भरतं. ते पंपाने उपसल्याशिवाय खोदता येत नाही. उपसा सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरी उतरतात. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात हेच झालं आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. दक्षिण गोव्याला पाणी पुरवणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणी होत्या. हाच खाणपट्टा उत्तरेला सिंधुदुर्गात रेडीपर्यंत जातो, आणि दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे 2021 च्या पावसाळ्यात खाणीतला बांध फुटून पाण्याचा लोंढा गावात शिरला, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल.

केपे तालुक्यातल्या कावरे गावाने वेगळीच वाट धरली. वेळीप या आदिवासी समाजाच्या या गावाने ट्रक अडवले, अटका सोसल्या. आणि पुढे त्यांनी जे मागितलं ते ऐकून सरकार गोंधळलं. खाण चालवायचीच असेल तर ती आमच्या सहकारी संस्थेला द्या, किती खोदायचं आणि कुठे थांबायचं ते आम्ही ठरवू. खाण हवी की नको, या दोनच बाजू असतात असं मानणाऱ्या सगळ्यांनी या मागणीचा विचार करायला हवा. ती मान्य झाली नाही.

2012 मध्ये हिशोब निघाला. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबरमध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे 35 हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. विरोधी पक्षात असताना लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदावरून हाच विषय लावून धरणारे मनोहर पर्रीकर तोवर मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्या सरकारने खाणी थांबवल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि 21 एप्रिल 2014 रोजी निकाल दिला. 22 नोव्हेंबर 2007 नंतर गोव्यातल्या कुठल्याही खाणपट्ट्याची मुदत शिल्लकच नव्हती. चीनला माल गेला त्या भरभराटीच्या काळातलं बहुतेक खाणकाम परवान्याविनाच झालं होतं. न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली.

त्यानंतर जे घडलं ते राज्यकारभारावर खाणीचा पगडा किती असतो याचा नमुना आहे. राज्य सरकारने त्याच जुन्या धारकांना 88 लीजचं नूतनीकरण करून दिलं. केंद्र सरकार लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम काढणार हे दिसत होतं. तो 12 जानेवारी 2015 रोजी निघाला. नूतनीकरणाचे कित्येक आदेश त्याच्या आदल्या काही दिवसांतले, काही तर थेट त्याच तारखेचे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा बंद झाल्या. सत्तेवर कोणता पक्ष आहे याने मोठासा फरक पडला नाही. सरकारला मिळणारा महसूल, मतदारसंघांतले ट्रकमालक आणि निवडणुकीला लागणारा पैसा एकाच खड्ड्यातून येत असेल, तर पक्ष बदलून काय बदलणार?

2014 च्या निकालातला एक आदेश मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली. विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहावा हिस्सा गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधीत ठेवावा, पुढच्या पिढ्यांसाठी. इथे दुसरा प्रश्न येतो. वडिलोपार्जित शेत विकून आलेली रक्कम आपण महिन्याचा पगार म्हणून खर्च करत नाही. केली तर घरातलं शहाणं माणूस हात धरतं. राज्याच्या अंदाजपत्रकात मात्र खनिजाची रॉयल्टी महसूल म्हणूनच जमा होते आणि पगार, अनुदानं, रस्त्यांवर त्याच वर्षी संपते. डोंगर गेला ही नोंद कुठल्याच वहीत होत नाही. खनिज ही सामायिक वारसासंपत्ती असून राज्य तिचं विश्वस्त आहे, असं 2019 च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने स्पष्ट लिहिलं आहे. लिहिलं आहे, इतकंच.

नॉर्वेला उत्तर समुद्रात तेल सापडलं 1969 मध्ये. तिथे करव्यवस्था, लोकशाही आणि सचोटीची नोकरशाही तेलाच्या आधीपासून होती. 1990 मध्ये त्यांनी तेलनिधीचा कायदा केला, 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम भरली, आणि मूळ रकमेला हात न लावता केवळ परताव्याएवढंच वापरायचं हा दंडक पाळला. नायजेरियात तेल आधी, 1956 मध्ये, ओलोइबिरी इथे सापडलं. देश स्वतंत्र व्हायच्या चार वर्षं अगोदर. सरकारला लोकांच्या कराची गरजच उरली नाही, त्यामुळे लोकांना उत्तर देण्याचीही नाही. नायजर नदीच्या मुखाकडच्या ओगोनी लोकांची शेतं आणि खाड्या तेलाने माखल्या. त्यांच्यासाठी लढणारे लेखक केन सारो-विवा यांना लष्करी राजवटीने 1995 मध्ये फाशी दिली. गोवा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, कारण इथे न्यायालय आणि जागरूक नागरिक होते.

2022 च्या अखेरीस गोव्यात लिलाव सुरू झाले. डिचोलीच्या पहिल्याच पट्ट्यासाठी वेदान्तने खनिजाच्या ठरीव मूल्याच्या 60 टक्क्यांहून अधिक रक्कम राज्याला देऊ केली. रॉयल्टी वेगळीच. त्याच डोंगरातलं तेच खनिज काही वर्षांपूर्वी 10 टक्क्यांत जात होतं, त्याआधी टनाला काही रुपयांत. हा फरक इतकी वर्षं कोणाच्या खिशात गेला, हे सांगायला आता कुठल्या आयोगाची गरज नाही. पण लिलावाने किमतीचा प्रश्न सुटला, गावाचा सुटला नाही. मुळगाव आणि शिरगावच्या लोकांना लिलावानंतर कळलं की पट्ट्याच्या हद्दीत त्यांची घरं, देवळं, तळी आणि शेतंही आहेत. ती वगळा, म्हणून ते पुन्हा रस्त्यावर आणि न्यायालयात उभे राहिले.

महाराष्ट्राने हे सगळं आत्ताच वाचायला हवं, कारण आपला खाणीचा इतिहास चंद्रपूरच्या कोळशापाशी थांबलेला नाही. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर, लॉइड्स मेटल्सला 2007 मध्ये लोहखनिजाचा पट्टा मिळाला. हा डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा. 2016 च्या डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी तिथली डझनावारी वाहनं जाळली. त्यानंतर बंदोबस्त वाढला आणि 2021 पासून खनिज मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागलं. रोजगार मिळतो आहे, ही खरी गोष्ट आहे. रस्ते आणि शेतं खनिजाच्या धुळीने लाल होत आहेत, हीसुद्धा. एटापल्ली संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येतो, पण अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने ग्रामसभेची शिफारस बंधनकारक केली ती वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांसाठी. लोहखनिज त्यात बसत नाही. खाणीची क्षमता वर्षाला 30 लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली. ती एटापल्लीत झाली नाही. बाधित गावांपासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब, गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली.